पहिल्या बाईनंतर काय? विमान कंपन्यांतल्या स्त्रिया आणि नोकरीच्या अटींचा इतिहास



चिंचोळी एमआयडीसीत व्याख्यान आणि विषय विमान कंपन्यांचा, हे कसं काय, असं काही जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपल्या वसाहतीतून बाहेर पडलं की पुण्याचा रस्ता लागतो, धावपट्टी नाही. विमानतळ शहराच्या पलीकडच्या टोकाला, होटगी रोडला. पण २०२५ साली तिथून आधी गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं, आणि सोलापुरात विमान हा बोलण्याचा विषय झाला. त्याआधी २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा तर घराघरात दोन पक्ष पडले होते. तर विमान आलं. आता प्रश्न असा, की त्या विमानात आपल्या मुली फक्त तिकीट काढून बसणार, की कामालाही जाणार? आणि कामाला गेल्या, तर कुठपर्यंत चढणार?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विमान कंपनी म्हणजे एक कारखानाच असतो. तिथं शिफ्ट असते, सिनिऑरिटी लिस्ट असते, मेंटेनन्स असतो, युनियन असते, सुपरवायझर असतो. फरक इतकाच, की त्या कारखान्यातल्या बायकांच्या नोकरीच्या अटींवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात अनेक वर्षं भांडण झालं. त्यामुळं सगळं कागदावर आलं. आपल्याकडच्या शॉप फ्लोअरवरची अशी भांडणं बहुतेकदा गेटच्या आतच मिटतात, किंवा मिटवली जातात. म्हणून आपला इतिहास समजून घ्यायला त्यांचे कागद उपयोगी पडतात.

या विषयाची गोष्ट साधारणपणे 'पहिली महिला' अशी सांगितली जाते. पहिली वैमानिक, पहिली कॅप्टन, पहिली अमुक, पहिली तमुक. आठ मार्चला शाळांच्या फलकांवर तीच नावं लिहितात. ती नावं आज आपणही घेणार आहोत, कारण त्या बायका खरोखरच धाडसी होत्या. पण आमचं म्हणणं असं, की पहिली बाई दार ढकलते. ते दार उघडं राहतं ते नियमामुळं. नियम बदलला नाही, तर पहिलीच्या मागं दुसरी यायला वीस वर्षं लागतात. हे म्हणणं टिकतं का, ते आता आपण तारखा घेऊन तपासू.

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण पुढच्या सगळ्याचा साचा तिथं पडला. एलन चर्च नावाची एक नर्स होती. ती नुसती नर्स नव्हती, तिच्याकडं विमान चालवायचं लायसन्सही होतं. ती बोईंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीकडं गेली, हीच कंपनी पुढं युनायटेड एअरलाइन्समध्ये गेली. तिला वैमानिकाची नोकरी मिळाली नाही. मग तिनं सुचवलं, की प्रवाशांना विमानात भीती वाटते, तर नर्सेसना विमानात घ्या. हे कंपनीला पटलं. १५ मे १९३० ला ती जगातली पहिली स्टुअर्डेस म्हणून विमानात चढली. तिच्यासोबत आणखी सात जणी घेतल्या. अटी काय होत्या? नर्सिंगचं शिक्षण हवं, वय पंचविशीच्या आत हवं, वजन साधारण ५२ किलोच्या आत हवं, उंची बेताची हवी, आणि लग्न झालेलं नको.

आता बघा, पहिल्याच दिवशी तीन गोष्टी ठरून गेल्या. वय, वजन आणि लग्न. जिला विमान चालवता येत होतं, तिला चहा देण्याचं काम मिळालं, आणि त्या कामालाही या तीन कुलपं लागली.

चार वर्षांनी, १९३४ मध्ये, हेलन रिची नावाच्या वैमानिक बाईंना अमेरिकेतल्या सेंट्रल एअरलाइन्सनं खरंच वैमानिक म्हणून घेतलं. पण पुरुष वैमानिकांच्या युनियननं त्यांना सभासद करून घेतलं नाही, आणि त्यांना फार थोड्या फेऱ्या मिळाल्या. वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर अमेरिकेत प्रवासी कंपनीत कायमची वैमानिक म्हणून बाई लागली ती १९७३ मध्ये, एमिली हॉवेल वॉर्नर. म्हणजे मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं गेली. पहिलीनंतर दुसरी यायला वीस वर्षं लागतात असं आम्ही म्हणालो, ते कमीच सांगितलं म्हणायचं.

आता आपल्याकडं येऊ. मुंबईत जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ ला सुरू झाला. जे. आर. डी. टाटांनी तिथंच विमान शिकून १९२९ मध्ये लायसन्स घेतलं, आणि १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणलं. त्या काळात विमान शिकणं हा पैसेवाल्यांचा, संस्थानिकांचा, मोठ्या व्यापाऱ्यांचा छंद होता. त्यात काही घरांतल्या मुलीही होत्या. लाहोरला १९३६ मध्ये सरला ठकराल यांनी एकविसाव्या वर्षी, साडी नेसून, जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं. तेव्हा त्यांना चार वर्षांची मुलगी होती. त्यांचे पती स्वतः वैमानिक होते. १९३९ मध्ये ते विमान अपघातात गेले. सरलाताईंनी व्यावसायिक लायसन्ससाठी प्रयत्न सुरू केले, पण दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि नागरी प्रशिक्षण थांबलं. त्या चित्रकलेकडं वळल्या. फाळणीनंतर दिल्लीत येऊन त्यांनी कपड्यांचं, दागिन्यांचं डिझाइन केलं, नाव कमावलं. पण विमान कंपनीत त्यांना काम करता आलं नाही. साडीतला तो फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरतो. फोटोनंतर त्यांचं पुढं काय झालं, हे फार जणांना माहीत नसतं.

पुढची गोष्ट आपल्या शेजारची आहे. सोलापूरकराला हैदराबाद काही परकं नाही, एका रात्रीचा रस्ता. तिथं निजामाच्या राज्यात डेक्कन एअरवेज नावाची कंपनी होती. प्रेम माथूर यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स मिळवलं. त्यांनी कंपन्यांकडं अर्ज केले, आठ कंपन्यांनी नाही म्हटलं. बाई विमान चालवते हे कळलं तर प्रवासी बसतील का, हा प्रश्न होता. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. कौशल्याचा यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा? डेक्कन एअरवेजनं त्यांना घेतलं, पण सहवैमानिक म्हणून. विमानाची पूर्ण सूत्रं काही हातात येईनात. शेवटी त्या तिथून बाहेर पडल्या.

इथं जरा थांबून एक भेद करून ठेवू, कारण तो पुढं लागणार आहे. नोकरीत घेणं वेगळं आणि चढू देणं वेगळं. पहिलं एका दिवसात होतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. दुसरं दहा-वीस वर्षं चालतं आणि त्याचा फोटो निघत नाही.

१९५३ मध्ये सरकारनं विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. देशांतर्गत इंडियन एअरलाइन्स, परदेशासाठी एअर इंडिया. १९६६ मध्ये दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्सच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. लक्षात घ्या, १९६६. अमेरिकेतल्या १९७३ च्या सात वर्षं आधी. त्याच सुमाराला, १९६७ मध्ये, चंदा सावंत-बुधभट्टी यांच्या पुढाकारानं इंडियन वुमेन पायलट्स असोसिएशन उभी राहिली. म्हणजे एकट्यादुकट्या बायकांना आता संघटनेची गरज कळली होती. आपल्याकडं कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, ती काय कुणा एकीच्या हिमतीवर झाली का? नाही ना. तसंच हे.

आतापर्यंत आपण कॉकपिटबद्दल बोललो. पण विमान कंपन्यांत बायकांची मोठी संख्या कॉकपिटच्या मागं, केबिनमध्ये होती. आणि खरी लढाई तिथं झाली.

मराठीत आपण त्यांना काय म्हणतो? हवाई सुंदरी. या शब्दाकडं जरा बघा. नर्सला आपण 'दवाखाना सुंदरी' म्हणत नाही, शिक्षिकेला 'शाळा सुंदरी' म्हणत नाही. पण विमानात आग लागली तर नव्वद सेकंदांत प्रवाशांना बाहेर काढण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या, हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसावर पहिला उपचार करणाऱ्या बाईला सुंदरी! त्याच विमानात, तीच ट्रॉली ढकलणाऱ्या पुरुषाला मात्र 'फ्लाइट पर्सर'. नावातच ठरून गेलं, की पुरुषाला पद आहे आणि बाईला रूप आहे. आणि रूप हीच पात्रता असेल, तर वय वाढणं हाच गुन्हा ठरतो.

एअर इंडियाचा कारभार तेव्हा मुंबईतून चालत होता, हे भांडण आधी मुंबईतलंच. नियम असा होता. हवाई सुंदरीनं निवृत्त व्हायचं वयाच्या ३५ व्या वर्षी. किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर तेव्हा. किंवा पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हा. या तिन्हींपैकी जे आधी होईल ते. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळू शकत होती, एकेक वर्ष करत ४५ पर्यंत, पण ती व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. आणि त्याच केबिनमधला पुरुष, असिस्टंट फ्लाइट पर्सर? त्याचं निवृत्तीचं वय ५८. त्यानं कधी लग्न केलं, त्याला किती मुलं झाली, हे कुणी विचारत नव्हतं.

नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण तिथून सर्वोच्च न्यायालयात वर्ग झालं आणि १९८१ च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. हा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. त्यात जिंकलं काय आणि हरलं काय, दोन्ही नीट बघू.

जिंकलं हे. पहिल्या गरोदरपणाला नोकरी जाण्याची अट न्यायालयानं फेकून दिली. ती क्रूर आहे, भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे, अशा कडक शब्दांत. मुदतवाढ साहेबाच्या मर्जीवर ठेवणारा नियमही रद्द झाला, कारण त्या मर्जीला काही मोजमापच नव्हतं.

हरलं हे. चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयानं कायम ठेवली. का? तर मुलगी चार वर्षं थांबून लग्न करेल तर जास्त समजूतदार वयात करेल, आणि कुटुंब नियोजनालाही मदत होईल. आणि ५८ विरुद्ध ३५ या भेदाबद्दल न्यायालयानं म्हटलं, की हवाई सुंदरी आणि पर्सर हे दोन वेगळे वर्ग आहेत. त्यांची भरती वेगळी, बढतीची शिडी वेगळी, म्हणून तुलनाच नको.

हा युक्तिवाद नीट समजून घ्या, कारण तो फक्त विमानातला नाही. आधी कंपनीनं बायकांसाठी वेगळं पदनाम ठेवलं. मग त्या पदाच्या अटी वेगळ्या ठेवल्या. आणि भांडण झालं तेव्हा सांगितलं, की पद वेगळं आहे, म्हणून अटी वेगळ्या आहेत. काम शेजारी शेजारी, एकाच विमानात, आणि कागदावर दोन जाती. आपल्याकडच्या कारखान्यांत 'हेल्पर' आणि 'ऑपरेटर' या दोन शब्दांमध्ये कधीकधी काय दडलेलं असतं, ते इथं बसलेल्यांना आम्ही सांगायची गरज नाही.

गंमत बघा, याच सर्वोच्च न्यायालयानं दोनच वर्षं आधी, १९७९ मध्ये, परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात, महिला अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागते या नियमावर कठोर टीका केली होती. आणि अमेरिकेत, जिथून ही लग्नाची अट निघाली, तिथं युनायटेडनं १९६८ मध्येच ती सोडून दिली होती. साचा बनवणाऱ्यानं साचा मोडला, आपण तो जपून ठेवला.

मग तो कसा सुटला? एका निकालानं नाही. युनियनच्या वाटाघाटी, लवादांसमोरची प्रकरणं, संसदेतले प्रश्न, असं सगळं मिळून. १९८९ मध्ये केंद्र सरकारनं निर्देश दिला, की हवाई सुंदऱ्यांनाही ५८ वर्षांपर्यंत नोकरी द्यावी. पण उडायचं एका वयापर्यंतच, आणि नंतर जमिनीवरचं काम. पुरुष मात्र ५८ पर्यंत उडणार. यावरून पुन्हा कोर्ट. मुंबई उच्च न्यायालयानं बायकांच्या बाजूनं निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये तो फिरवला.

या २००३ च्या प्रकरणातली एक गोष्ट आपण लपवायची नाही. सगळ्या बायका एका बाजूला नव्हत्या. वरच्या श्रेणीत गेलेल्या काही जणींना शेवटपर्यंत उडायचं होतं. खालच्या श्रेणीतल्या अनेकींना मात्र, शरीर थकल्यावर जमिनीवर काम मिळण्याची सोय सोडायची नव्हती, आणि केबिन क्रूची संघटना त्यांच्या बाजूनं कोर्टात उभी होती. यात कोण बरोबर? दोघीही. एकीला चढायचं आहे, दुसरीला टिकायचं आहे. स्त्रियांचा इतिहास लिहिताना आपण सगळ्या बायकांचं एकच मत धरून चालतो, ती सवय सोडायला हवी.

आणि मग शेवटची पायरी, नेतृत्वाची. विमानाच्या केबिनमध्ये सगळ्या क्रूवर एक प्रमुख असतो, इन-फ्लाइट सुपरवायझर. हे पद पुरुषांचं होतं. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई असली, तरी तिच्यापेक्षा कमी नोकरीचा पुरुष तिचा सुपरवायझर. एअर इंडियानं २००५ मध्ये हे पद बायकांनाही खुलं केलं. पुरुष कर्मचारी कोर्टात गेले. हे प्रकरण २०११ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात संपलं, आणि बायका जिंकल्या. १९८१ ते २०११. नोकरी टिकवण्यापासून सुपरवायझर होण्यापर्यंत तीस वर्षं. १९८१ मध्ये विशीत असलेली मुलगी २०११ मध्ये पन्नाशीत होती. तिच्या पिढीचं आयुष्य या कागदात गेलं.

आता परत कॉकपिटकडं. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिल्चरला नेलं. सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन, आणि संपूर्ण क्रू बायकांचा होता. देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं उड्डाण. याच निवेदिता भसीन १ जानेवारी १९९० ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. मुंबई-औरंगाबाद-उदयपूर हा तो मार्ग होता, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या धावपट्टीवर ते विमान उतरलं.

कॅप्टन होणं म्हणजे काय, ते थोडं तांत्रिक सांगतो, कारण शिडी समजल्याशिवाय अडथळा समजत नाही. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं. मग विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. मग सहवैमानिक. कॅप्टनसाठी लागणारं वरचं लायसन्स १५०० तासांशिवाय मिळत नाही. आणि तास पुरे झाले म्हणून लगेच कॅप्टन करत नाहीत. कंपनीची सिनिऑरिटी लिस्ट असते, जागा निघावी लागते, परीक्षा असतात, कमांड ट्रेनिंग असतं. त्यानंतर प्रशिक्षक, मग परीक्षक, मग ऑपरेशन्स किंवा सेफ्टीचे प्रमुख. शिवाय प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवलेलं आणि उतरवलेलं असावं लागतं.

आता या शिडीत बाळंतपण ठेवून बघा. सुट्टीवर गेलेल्या बाईचे तास थांबतात. ९० दिवसांची अट मोडते, परत आल्यावर आधी सिम्युलेटर. तोवर बरोबरीचे पुढं गेलेले असतात. यात कुणी वाईट वागलं असं नाही. नियमच अशा माणसाला धरून लिहिलेला आहे, ज्याला कधी बाळंतपण येत नाही. म्हणून बाळंतपणाच्या रजेचा कायदा महत्त्वाचा. १९६१ च्या त्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची झाली. ही तरतूद विमान कंपनीलाही लागू आहे आणि चिंचोळीच्या कारखान्यालाही.

मग आज चित्र काय आहे? भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपण जगाच्या तिप्पट. हे ऐकून छाती फुगते, फुगू द्या. त्याची कारणंही आहेत. एनसीसीच्या एअर विंगमध्ये मुलींना लवकर विमानाची ओळख होते. विमान कंपन्या वेगानं वाढल्या आणि माणसं कमी पडली. आणि घरी आजी-आजोबा असतात, ते मूल सांभाळतात. या तिसऱ्या कारणाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघा. कॅप्टनच्या चार पट्ट्यांत एक पट्टी बहुतेकदा तिच्या आईची किंवा सासूची असते, आणि त्या बाईचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

२०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आलं. साधारण १६ हजार किलोमीटर, आणि कॉकपिटमध्ये चौघी: झोया अग्रवाल, पापागारी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. त्याच्या काही महिने आधी, २०२० मध्ये, कॅप्टन हरप्रीत ए. डी. सिंग अलायन्स एअरच्या सीईओ झाल्या. १९८८ मध्ये एअर इंडियानं वैमानिक म्हणून निवडलेल्या त्या पहिल्या महिला. प्रकृतीच्या कारणानं त्यांना उडता आलं नाही, म्हणून त्या उड्डाण सुरक्षेकडं वळल्या, आणि त्या वाटेनं वर गेल्या. हे आम्हाला फार शिकवणारं वाटतं. नेतृत्वाची वाट दरवेळी कॉकपिटमधूनच जाते असं नाही.

आता आकडे शेजारी ठेवा. १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची पहिली वैमानिक. २०२० मध्ये एका वैमानिक बाईच्या हाती कंपनीची सूत्रं. ५४ वर्षं. २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांना सल्ला दिला, की वेगवेगळ्या पदांवर बायकांचं प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत न्या. सल्ला चांगला आहे. पण सल्ला आणि नियम यांत काय फरक असतो, ते आज आपण पाहिलंच.

शेवटी आपल्या गेटवर येऊ. फॅक्टरी कायदा १९४८ चा. त्याच्या कलम ६६ नुसार बाईला कारखान्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात काम देता येत होतं. हेतू संरक्षणाचा होता, आणि त्या काळच्या गिरण्यांची अवस्था बघता तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण परिणाम बघा. १९६० मध्ये मुंबईहून रात्री दोन वाजता लंडनच्या विमानात हवाई सुंदरी कामाला जात होती, ते चालत होतं. आणि कारखान्यातली बाई मशीनवर रात्री आठपर्यंत थांबली, तर बेकायदा. तिसरी शिफ्ट कधी केलीच नाही, तर शिफ्ट इनचार्ज कसं होणार? वर जायची वाटच रात्रीतून जात होती आणि रात्र बंद होती. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, सुरक्षिततेच्या आणि ने-आणीच्या अटींवर, रात्रपाळी खुली केली. आता प्रश्न कायद्याचा उरला नाही. गाडी दारापर्यंत येते का, शेडबाहेर दिवे आहेत का, स्वच्छतागृह जवळ आहे का, हा उरला. वरवर छोट्या वाटतील, पण शिडीच्या पायऱ्या त्याच.

इथं आयटीआयच्या मुली आहेत, बारावीच्या आहेत, काहींचे पालक आहेत. त्यांना सरळ सांगतो. वैमानिक व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, आणि खर्च मोठा आहे, चाळीस-पन्नास लाखांच्या घरात. बारामतीला, गोंदियाला प्रशिक्षण संस्था आहेत, परदेशातच जावं लागतं असं नाही. पण दार एकच नाही. विमान दुरुस्तीचं लायसन्स घेऊन इंजिनिअर होता येतं, आणि ज्या मुलीला मायक्रोमीटर धरता येतो, ड्रॉइंग वाचता येतं, तिला ते परकं नाही. फिजिक्स-गणित घेऊन बीएस्सी केलं, किंवा इंजिनिअरिंग केलं, तर विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा देऊन एअर ट्रॅफिक कंट्रोलर होता येतं. तिथं कॉकपिटसारखी फी भरावी लागत नाही. केबिन क्रू आहे, ग्राउंड हँडलिंग आहे, कार्गो आहे. सोलापूरची चादर नि टॉवेल परदेशी जातात, त्या कागदपत्रांचं कामही विमान वाहतुकीचंच काम आहे.

कुठल्याही दारातून जा, पण नेमणूकपत्र हातात आलं की घाईत सही करू नका. आधी बघा, पदनाम काय लिहिलंय. त्याच कामाच्या पुरुषाचं पदनाम काय आहे. बढती कशावर मिळते, नोकरीच्या वर्षांवर, परीक्षेवर, की साहेबाच्या मर्जीवर. रजेवरून परत आल्यावर सिनिऑरिटी कुठं धरणार. अशा प्रकारचे प्रश्न त्या बायकांनी सर्वोच्च न्यायालयात विचारले, तेव्हा त्यांना नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारू शकता.

पुढच्या आठ मार्चला शाळेच्या फलकावर 'पहिली महिला' लिहाल तेव्हा तिच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहा: तिच्यानंतर दुसरी किती वर्षांनी आली. तो आकडा जितका लहान होईल, तितके आपण पुढं गेलो.

 आता प्रश्न असतील तर घेऊ या.